ध्रुव कुठे आहे? पाटणच्या गोलयंत्रापासून गच्चीवरच्या दुर्बिणीपर्यंत

 

विषय जाहीर झाला तेव्हा एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. म्हणाला, "सर, तुम्ही तत्त्वज्ञानाचे. दुर्बिणीच्या बैठकीवर तुम्ही काय बोलणार?" प्रश्न रास्त आहे. आम्ही आयुष्यभर जळगाव-धुळ्याकडच्या महाविद्यालयांत तत्त्वज्ञान शिकवलं, दुर्बीण शिकवली नाही. पण एका दुर्बिणीने आम्हाला जे शिकवलं ते वर्गात कधी शिकवता आलं नाही. तिथूनच सुरुवात करतो.

डिसेंबर १९८५. हॅलीचा धूमकेतू आला होता. शहात्तर वर्षांनी येणारा पाहुणा, वर्तमानपत्रांत रोज बातमी. आमच्या जळगावच्या महाविद्यालयात पुण्याच्या एका हौशी मित्राकडून मागून आणलेली दुर्बीण होती. तिची बैठक इक्वेटोरियल, म्हणजे एक अक्ष तिरपा बसवलेली, आणि त्या अक्षाला एक छोटी मोटर. दिवाळीनंतरची अमावास्या, आकाश स्वच्छ. गच्चीवर ही गर्दी! आसपासच्या गावांतून लोक आले होते, म्हातारी माणसं, कडेवर पोरं घेतलेल्या बाया. रांग जिन्यातून खाली गेटपर्यंत.

आम्ही दुर्बीण लावली होती होकायंत्र बघून. ध्रुवतारा बघून का नाही? कारण गच्चीच्या उत्तरेला पाण्याची सिमेंटची टाकी होती आणि ध्रुव नेमका तिच्या मागे. दुर्बीण हलवायची तर रांग मोडणार. मग होकायंत्र ट्रायपॉडवर ठेवलं, काटा जिकडे दाखवेल तिकडे अक्ष फिरवला, धूमकेतू शोधला आणि मोटर चालू केली.

पहिल्या दहा-बारा लोकांना धूमकेतू दिसला. कापसाच्या बोंडासारखा एक पांढुरका ठिपका. मग तो काठाकडे सरकायला लागला. पंधरा-वीस मिनिटांत गायब. एक म्हातारे आजोबा डोळा लावून बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "चांदनी पयी गई, सर!" चांदणी पळून गेली. रांग हसली. आम्ही पुन्हा शोधला, पुन्हा पळाला. रात्री अकरापर्यंत हाच खेळ. निम्मी रांग न बघताच परत गेली. त्यातली कितीतरी माणसं पुढच्या फेरीला, २०६१ मध्ये, नसणार हे त्यांनाही माहीत होतं आणि आम्हालाही. ती रुखरुख आज चाळीस वर्षांनीही गेलेली नाही.

मोटर बिघडली होती का? नाही. ती बरोबर चालत होती, पण चुकीच्या अक्षाभोवती.

हे जरा सोपं करून सांगतो. तारे पूर्वेला उगवतात, पश्चिमेला मावळतात, कारण पृथ्वी स्वतःभोवती फिरते. तासाला पंधरा अंश, चार मिनिटांना एक अंश. उघड्या डोळ्यांना हे जाणवत नाही. पण शंभरपट मोठं दाखवणाऱ्या दुर्बिणीत हा वेगही शंभरपट होतो आणि दोनेक मिनिटांत तारा बाहेर जातो. उपाय काय? दुर्बिणीला असा एक अक्ष द्यायचा की जो पृथ्वीच्या अक्षाला समांतर असेल. पृथ्वी जितकी पूर्वेकडे फिरते तितकीच दुर्बीण त्या अक्षाभोवती पश्चिमेकडे फिरवली की काम झालं. एक मोटर, एक गती, तारा जागेवर. आता पृथ्वीचा अक्ष आकाशात जिकडे रोखलेला आहे तो बिंदू म्हणजे ध्रुव. आपल्या यंत्राचा अक्ष त्या बिंदूकडे रोखणं, याला आज पोलर अलाइनमेंट म्हणतात. आपण 'ध्रुवाशी जुळवणं' म्हणू.

म्हणजे सगळा प्रश्न एकाच वाक्यात मावतो: ध्रुव कुठे आहे? आणि हा प्रश्न आपल्या खानदेशात फार जुना आहे.

चाळीसगावच्या नैऋत्येला, सह्याद्रीच्या डोंगराच्या पायथ्याशी पाटण गाव आहे. आपण त्याला पाटणादेवीमुळे ओळखतो. नवरात्रात जातो, धबधबा बघतो, गौताळ्याच्या जंगलात फिरून परत येतो. तिथे एक शिलालेख आहे. १८६५ मध्ये डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो विद्वानांपुढे आणला. लेख शके ११२८ चा, इसवी सनात १२०७ च्या सुमाराचा. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघणाच्या दरबारात ज्योतिषी होता. आजोबांचे ग्रंथ, विशेषतः 'सिद्धान्तशिरोमणी', शिकवले जावेत म्हणून त्याने इथे मठ काढला आणि निकुंभ घराण्यातल्या सोइदेवाने ग्रहणाच्या पर्वकाळात त्याला दान दिलं. लेखाचा बराचसा भाग संस्कृतात, पण देणग्यांचा तपशील आला की भाषा एकदम जुन्या मराठीवर येते. कारण तो व्यवहार गावाशी होता, गावाला कळायला हवा होता. त्यात एक नोंद अशी की, गावात जितके तेलाचे घाणे चालतील त्यातल्या प्रत्येकामागे पळी पळी तेल मठाला द्यायचं. बघा, ग्रहगणित शिकवण्याचा खर्च तेल्याच्या घाण्यावर होता! विद्या अशीच चालते. कुणीतरी पळीभर तेल देतो, तेव्हा कुणीतरी गोलाध्याय वाचतो.

भास्कराचार्यांचं मूळ गाव पाटणच की दुसरं, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. त्यांनी स्वतः सह्याद्रीजवळच्या विज्जडविडाचं नाव घेतलं आहे आणि ते कुठलं यावर पुष्कळ लिहिलं गेलं आहे. त्या वादात आज शिरत नाही. त्यांचा ग्रंथ पाटणला शिकवण्यासाठी मठ होता, एवढं दगडावर कोरलेलं आहे. आपल्याला तेवढं पुरे.

त्या मठातला विद्यार्थी काय शिकत असेल? भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ चा, म्हणजे १११४. छत्तिसाव्या वर्षी, ११५० मध्ये, त्यांनी 'सिद्धान्तशिरोमणी' पुरा केला. त्याच्या गोलाध्यायात दोन प्रकरणं आपल्या कामाची आहेत. एक गोलबंध, दुसरं यंत्राध्याय.

गोलबंधात आकाशाचा गोल कसा बांधायचा ते सांगितलं आहे. सरळ, गुळगुळीत बांबूच्या कांबी घ्या, त्यांची वलयं करा, त्यांवर अंश आखा. मधोमध एक काठी घाला, ती ध्रुवयष्टी. काठीच्या मध्यावर पृथ्वीचा छोटा गोळा. भोवती विषुववृत्ताचं वलय, क्रांतिवृत्ताचं वलय, क्षितिजाचं, याम्योत्तराचं. काठी दोन ध्रुवांकडे रोखलेली. आता ती काठी तिरपी किती ठेवायची? इथेच मुख्य गोष्ट येते. आपल्या गावाचे अक्षांश जितके, तितक्या उंचीवर आपल्याला ध्रुव दिसतो. विषुववृत्तावर, त्यांच्या भाषेत लंकेत, दोन्ही ध्रुव क्षितिजाला टेकलेले. मेरूवर, म्हणजे उत्तर ध्रुवावर, ध्रुव डोक्यावर. आपण मधे. जळगावला ध्रुव २१ अंशांवर, धुळ्याला त्याच्या किंचित खाली, चाळीसगावला साडेवीसच्या आसपास. हात लांब करून मूठ धरली तर ती साधारण दहा अंश व्यापते. म्हणजे आपल्याकडे ध्रुव क्षितिजापासून दोन मुठी वर.

यातूनच भास्कराचार्य पृथ्वी मोजायची रीत सांगतात. दक्षिणोत्तर रेषेवरची दोन गावं घ्या, त्यांतलं अंतर मोजा, अक्षांशांतला फरक काढा आणि त्रैराशिक मांडा. ध्रुव इतके अंश वर आला तर चाललो इतकी योजनं, मग ३६० अंशांना किती? त्यांचा पृथ्वीचा परिघ ४९६७ योजनं. सांगायचा मुद्दा असा की, ध्रुवाची उंची हा नुसता आकाशाचा प्रश्न नाही. आपण जमिनीवर कुठे उभे आहोत याचं ते उत्तर आहे.

यंत्राध्यायात नाडीवलय आहे. लाकडाचं चाक, कडेवर घटिकांच्या खुणा, मधून जाणारी काठी ध्रुवाकडे. चाक आपोआप विषुववृत्ताच्या पातळीत येतं, काठीची सावली कडेवर पडते आणि वेळ कळते. आता मनातल्या मनात ते चाक काढून तिथे दुर्बीण बसवा. काठी म्हणजे आजच्या बैठकीचा ध्रुवाक्ष आणि कडेवरच्या खुणा म्हणजे तिच्यावरची तासांची तबकडी. भूमिती तीच!

पण इथे थांबायला हवं. हे ऐकलं की सभागृहात टाळी पडते आणि कुणीतरी म्हणतं, "म्हणजे दुर्बिणीची बैठक आपणच शोधली." नाही हो. भास्कराचार्यांकडे दुर्बीण नव्हती. भिंगाची दुर्बीण आली १६०८ नंतर, हॉलंडात. ज्याने जे केलं त्याला तेवढं द्यावं. जास्त दिलं तर आपण त्याचा मान राखत नाही, त्याला आपल्या सोयीचा पुतळा करतो. भास्कराचार्यांनी जे केलं ते पुष्कळ आहे, त्याला उसन्या दागिन्यांची गरज नाही. यंत्रांची यादी देताना शेवटी ते बुद्धीला खरं यंत्र म्हणतात. हा माणूस पुतळा व्हायला तयार होईल असं आम्हाला वाटत नाही.

आणि आता गंमत बघा. आज आपण ज्याला ध्रुवतारा म्हणतो तो ११५० मध्ये ध्रुवावर नव्हताच. पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा डुलतो, एका फेरीला सुमारे २५,८०० वर्षं. त्यामुळे ध्रुवबिंदू ताऱ्यांमधून हळूहळू सरकत राहतो. आजचा ध्रुवतारा ध्रुवबिंदूपासून पाऊण अंशाच्याही आत आहे आणि २१०० च्या सुमारास सर्वांत जवळ, अर्ध्या अंशाच्या आत जाईल. भास्कराचार्यांच्या वेळी हे अंतर पाच अंशांहून जास्त होतं. पौर्णिमेचे दहा चंद्र ओळीने ठेवले तर जेवढे होतील तेवढं! पाटणच्या मठातल्या एखाद्या विद्यार्थ्याने रात्रभर जागून त्या ताऱ्याकडे पाहिलं असतं, तर तो भलंमोठं वर्तुळ काढताना दिसला असता. जुने सिद्धान्तग्रंथ ध्रुवाची तारा अढळ मानतात. पण गोलाची काठी रोखायची ती बिंदूकडे, ताऱ्याकडे नव्हे. तारा ही त्या बिंदूची खूण, तीही कामचलाऊ.

हा फरक स्पष्ट शब्दांत मांडला तो कमलाकराने. त्याचं घराणं गोदावरीकाठच्या गोलग्रामचं, पुढे काशीला गेलेलं. १६५८ च्या 'सिद्धान्ततत्त्वविवेक' या ग्रंथात तो सांगतो की, दिसणारी ध्रुवतारा नेमकी ध्रुवस्थानी नाही. विचार करा, आपल्याकडे लग्नात नवरीला ध्रुव दाखवतात, अढळपदाची गोष्ट लहानपणापासून ऐकवतात. त्या परंपरेतलाच एक पंडित म्हणतो की तारा ढळलेला आहे. त्याने परंपरा मोडली का? आम्हाला वाटतं, त्याने ती पाळली. ध्रुव अढळ आहे हे बिंदूबद्दल खरं मानायचं असेल, तर ताऱ्याबद्दल डोळे उघडे ठेवायला हवेत. आणि आज आपल्याला हेही माहीत आहे की बिंदूसुद्धा कायमचा अढळ नाही.

खानदेशाचा आणखी एक धागा इथेच जोडतो. शंकर बाळकृष्ण दीक्षित. मूळचे कोकणातल्या मुरूडचे, पेशाने शिक्षक, आणि काही वर्षं आपल्या धुळ्याच्या ट्रेनिंग स्कूलमध्ये शिकवायला होते. १८९६ मध्ये त्यांचा 'भारतीय ज्योतिषशास्त्र' हा मराठी ग्रंथ प्रसिद्ध झाला. भारतीय ज्योतिषाचा इतिहास लिहिणारा कुणीही आजही त्याच्याकडे वळतो. ४५ व्या वर्षी, १८९८ मध्ये, ते गेले. त्यांचा एक प्रसिद्ध युक्तिवाद आहे. शतपथ ब्राह्मणात असं म्हटलं आहे की कृत्तिका पूर्वदिशेपासून ढळत नाहीत. दीक्षितांनी ते वाक्य निरीक्षण म्हणून वाचलं. बरोबर पूर्वेला उगवायचं तर तारा विषुववृत्तावर हवा. आज कृत्तिका तिथे नाहीत. धुळ्याहून पाहिलं तर त्या पूर्वेपासून सुमारे पंचवीस अंश उत्तरेकडे सरकून उगवतात. मग त्या विषुववृत्तावर कधी होत्या? अक्षाचं डुलणं उलटं मोजत गेले आणि काळ आला इसवी सनापूर्वी तीन हजारांच्या आसपासचा. या कालनिर्णयावर पुष्कळ वाद झाले, आजही होतात. वाद व्हावेतच. पण रीत बघा: एक जुनं वाक्य, त्यात दडलेली एक दिशा, आणि दिशा बदलते याची जाण. ज्या चुकीने आमचा धूमकेतू पळाला, त्याच प्रकारच्या सरकण्यातून दीक्षितांनी काळ मोजला.

आता थोडं बाहेर जाऊ. सवाई जयसिंगाने अठराव्या शतकात जंतरमंतरं बांधली. जयपूरचं सम्राट यंत्र म्हणजे सुमारे २७ मीटर उंचीची तिरपी भिंत. तिचा उतार जयपूरच्या अक्षांशाइतका, २७ अंश. ती भिंत पृथ्वीच्या अक्षाला समांतर आहे. म्हणजे ध्रुवाशी जुळवलेलं दगडी यंत्र, पण एका गावापुरतं. ते उचलून जळगावला आणलं तर सहा अंशांनी खोटं ठरेल. दिल्लीच्या आणि उज्जैनच्या यंत्रांचे उतार म्हणूनच वेगवेगळे आहेत.

दुर्बीण आणि असा तिरपा अक्ष यांची खरी पक्की गाठ घातली जर्मनीच्या फ्राउनहोफरने. १८२४ मध्ये त्याने डोर्पाटच्या, आजच्या एस्टोनियातल्या तार्तूच्या, वेधशाळेसाठी सुमारे २४ सेंटिमीटर भिंगाची दुर्बीण पाठवली. एका बाजूला दुर्बीण, दुसऱ्या बाजूला वजन, मधे ध्रुवाकडे रोखलेला अक्ष, आणि तो फिरवायला खाली उतरणाऱ्या वजनावर चालणारं घड्याळ. आज हौशी लोकांच्या गच्चीवर जी बैठक दिसते तिला जर्मन इक्वेटोरियल म्हणतात, ती याच घराण्यातली.

आपल्या महाराष्ट्रातही अशी एक मोठी दुर्बीण होती. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये १८८८ मध्ये महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा सुरू झाली. भावनगरच्या महाराजांची देणगी, डब्लिनच्या ग्रबकडून आलेली आरशाची दुर्बीण आणि ते सगळं सांभाळणारे प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला. १९१२ मध्ये वेधशाळा बंद झाली आणि दुर्बीण कोडाईकनालला गेली. पुढे १९८० च्या दशकात ती लेहला पोचली. पुण्यात ध्रुव साडेअठरा अंशांवर, कोडाईकनालला जेमतेम दहावर, लेहला चौतीसवर. गाव बदललं की ध्रुव पुन्हा नव्याने शोधायचा! माणसांचंही तसंच असतं. बदलीच्या गावी जुन्या गावाचा उतार घेऊन गेलं की गणित चुकतं. आमची धुळ्याहून जळगावला बदली झाली तेव्हा फरक जेमतेम अंशाच्या दहाव्या हिश्शाचा होता, तरी जुळवून घ्यायला दोन वर्षं लागली.

बरं, आता त्या गच्चीवर परत जाऊ. आम्ही तिथे कुठे चुकलो?

चूक होकायंत्राची नव्हती. आपल्या भागात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत एक अंशाहूनही कमी फरक पडतो. चूक अशी की ते होकायंत्र आम्ही लोखंडी ट्रायपॉडवर ठेवलं, गच्चीच्या स्लॅबमध्ये सळ्या, आणि शेजारी सळ्यांनी भरलेली टाकी. काटा लोखंडाकडे वळला आणि आम्ही त्याच्या मागे गेलो. ज्याच्यावर विश्वास ठेवला त्याच्याभोवती काय आहे हे पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी गणिताच्या एका सहकाऱ्याने सुचवलं, "ध्रुव दिसत नसला तर दिवसा शोधा. भास्कराचार्यांची रीत आहे की!" मग आम्ही सकाळीच गच्चीवर गेलो. पाणसळ लावून सपाट जागा निवडली. प्रयोगशाळेतला लोखंडी स्टँड मधोमध उभा केला, ओळंब्याने सरळ आहे की नाही ते पाहिलं. सावलीला लोखंडाशी काही देणंघेणं नसतं. त्याच्याभोवती खडूने मोठं वर्तुळ काढलं. सकाळी सव्वादहाच्या सुमारास सावलीचं टोक आखडत येऊन वर्तुळाला शिवलं, तिथे खूण केली. दुपारी अडीचच्या सुमारास ते लांबत जाऊन पुन्हा वर्तुळाला शिवलं, तिथे दुसरी खूण. दोन खुणा जोडल्या, ती पूर्व-पश्चिम रेषा. दोन्ही खुणांवरून दोन कमानी काढल्या, त्या एकमेकींना छेदून मधे माशासारखा आकार झाला. माशाच्या तोंडापासून शेपटापर्यंतची रेषा दक्षिणोत्तर. सिद्धान्तकार त्याला मत्स्यच म्हणतात. सकाळ आणि दुपार यांच्या दरम्यान सूर्य स्वतः थोडा उत्तर-दक्षिण सरकतो, त्याची दुरुस्तीही त्यांनी दिली आहे. डिसेंबरात ती नगण्य असते, हे आमचं नशीब.

त्या रेषेवर होकायंत्र धरलं तर, ट्रायपॉडच्या जागी, काटा पाच-सहा अंश बाजूला! म्हणजे आदल्या रात्री आम्ही जवळपास तेवढेच चुकलो होतो, जेवढा आजचा ध्रुवतारा भास्कराचार्यांच्या काळी ध्रुवापासून दूर होता.

त्या रात्री अक्ष खडूच्या रेषेवर ठेवला, उंची २१ अंश. धूमकेतू दुर्बिणीत आणला, मोटर सोडली. तास झाला तरी तो काठाकडे गेला नाही. रांग मात्र आदल्या रात्रीच्या निम्मीच होती. ते आजोबा काही परत आले नाहीत.

आज ऐकणाऱ्यांपैकी कुणाकडे अशी बैठक असेल तर खानदेशातल्या अनुभवाच्या चार गोष्टी सांगतो. आपल्याकडे ध्रुव खाली असतो. झाडं, टाक्या, शहराच्या उजेडाचा धुरळा आणि जळगावच्या उत्तरेला सातपुडा, यांतून तो शोधावा लागतो. त्यामुळे उत्तर मोकळी असलेली जागा आधी निवडा. युरोपातल्या उंच अक्षांशांसाठी घडवलेल्या काही बैठका २१ अंशांपर्यंत खाली नेल्या की वजनाचा दांडा ट्रायपॉडच्या पायाला लागतो. पाय फिरवून तो आधी मोकळा करा. सप्तर्षी आणि शर्मिष्ठा दोन्ही आपल्याकडे मावळतात. सप्तर्षी खाली गेले की बहुधा शर्मिष्ठा वर असते. एक नसेल तर दुसरीकडून ध्रुव शोधा. आणि ध्रुवतारा मिळाला म्हणजे ध्रुव मिळाला असं समजू नका. तारा बिंदूपासून चंद्राच्या रुंदीहून थोडा जास्त अंतरावर आहे आणि बिंदूभोवती फिरतो. त्या क्षणी तो कुठल्या बाजूला आहे हे हल्ली मोबाइलवरही कळतं. नुसतं डोळ्यांनी बघायचं असेल तर एवढं पुरतं.

फोटो घ्यायचा असेल तर शेवटची परीक्षा तारेच घेतात. दक्षिणेकडे, मध्यमंडलाजवळ आणि विषुववृत्ताजवळ असलेला तारा धरा आणि पाच-दहा मिनिटं नुसतं बघत बसा. तो दक्षिणेकडे सरकला तर तुमचा अक्ष पूर्वेकडे झुकलेला आहे, उत्तरेकडे सरकला तर पश्चिमेकडे. थोडं हलवा, पुन्हा बघा. मग पूर्वेकडचा तारा धरा. तो दक्षिणेकडे सरकला तर अक्ष खाली आहे, उत्तरेकडे सरकला तर वर. पुन्हा थोडं हलवा, पुन्हा बघा. या रीतीत ध्रुवतारा लागतच नाही. टाकीच्या मागे असला तरी चालतं.

आम्हाला तत्त्वज्ञानाचा माणूस म्हणून ही रीत फार आवडते. काय सांगते ती? स्थिर बिंदू आधी सापडत नाही. आधी चूक दिसते. चूक कुठल्या दिशेची हे नीट पाहिलं की दुरुस्ती कुठल्या दिशेला ते कळतं, आणि दुरुस्त करत करत आपण बिंदूजवळ जातो. आयुष्यभर आम्ही विद्यार्थ्यांना विचारत आलो, "तुमचा ध्रुव कोणता?" प्रश्न अर्धाच होता. पुढचा अर्धा असा: तो ध्रुव खरा आहे हे तुम्ही शेवटचं कधी तपासलं? ग्रंथ, गुरू, पक्ष, आपलं गाव, आपला अभिमान, सगळे ध्रुवतारे आहेत. दिशा दाखवतात, खोटे नाहीत. पण त्यांच्यात आणि बिंदूत थोडं अंतर असतंच, आणि ते काळानुसार बदलतं. कमलाकराला हे दिसलं, दीक्षितांनी ते मोजलं, आणि भास्कराचार्यांनी यंत्रांच्या यादीत बुद्धीला खरं यंत्र म्हणून ठेवलं.

तर एक काम देतो. या उन्हात एक दिवस आपापल्या गच्चीवर एक काठी उभी करा, खडूने वर्तुळ काढा आणि दोन खुणा करा. दुर्बीण नसली तरी चालेल. पोरांना बरोबर घ्या. त्यांना सांगा की आठशे वर्षांपूर्वी आपल्याच तालुक्यात हे शिकवायला मठ होता आणि त्यासाठी घाण्यामागे पळीभर तेल मिळत होतं. आणि पुढचा धूमकेतू येईल तेव्हा रांगेतला एकही माणूस न बघता परत जाणार नाही, एवढं बघा.